जिम नसली तरी चालेल, पण चाललं पाहिजे

दादर : सकाळी स्टेशनबाहेर डबेवाल्यांची धावपळ सुरू असते. घरोघरी जिने चढून डबे गोळा करायचे, लोकलने आणायचे, वाटणी करायची, मग सायकलवर नाहीतर डोक्यावरच्या पाटीत घालून ऑफिसात पोचवायचे. दुपारी तेच डबे उलट्या वाटेने घरी. १८९० पासून चालत आलेल्या या धंद्यातली बरीच माणसं आपल्या खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातली. त्यांना वेगळा व्यायाम करायची गरजच पडत नाही, कामातच तो होऊन जातो.

पण अशा हालचालीचा खरंच फायदा होतो का? होतो. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी डबल डेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी तो सहसा उशिरा आणि कमी जोराचा.

कारण साधं आहे. पाय हलले की मांडीचे-पोटरीचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. पोटरी दाबली जाऊन पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासन् तास बसून राहिलं की दोन्ही कामं मंदावतात. जेवणानंतरची शतपावली जुन्या लोकांनी उगाच सांगितलेली नाही. त्या वेळी चाललं की साखर कमी चढते.

परळ, लालबाग, गिरगावच्या चाळीत अशी हालचाल आपोआप व्हायची. लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, भाजी आणायची तर तीन जिने खाली. आता नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळीच्या जुन्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर होतायत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, संडास घरात, लिफ्ट दारात. ही सोय हवीच होती, म्हाताऱ्या माणसांना तर जास्तच. फक्त पायांचं काम गेलं, ते भरून काढावं लागेल.

गावाकडेही तेच चाललंय. विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू होते, डेअरी हाकेच्या अंतरावर असली तरी दूध घालायला मोटारसायकल निघते.

मात्र कष्ट आणि आरोग्य एकच नव्हे. गिरणी कामगारही पाळीभर उभा राहून राबायचा, पण कापसाचे तंतू छातीत जायचे. पुरेसं अन्न आणि विश्रांती नसेल तर ओझं उचलून तब्येत सुधारत नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. सलग दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे दोन-चार मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो.

करायचं काय? एक-दोन मजले चढून जावं. एक स्टॉप आधी उतरावं. फोनवर बोलताना उभं राहून फेऱ्या माराव्यात. डेअरीला पायी जावं. गुडघे दुखत असतील तर जिना सोडून सपाटीवर चालावं. चढताना छातीत दुखलं किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर मात्र थांबावं आणि लगेच डॉक्टरला दाखवावं.