भामरागड आणि अर्भकमृत्यूचा आकडा

हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांच्या संख्येस अर्भक मृत्युदर म्हणतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार 1971 मध्ये भारतात तो 129 होता आणि 2020 मध्ये 28, महाराष्ट्रात तर 16 झाला. परंतु पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील ज्या भामरागडचा रस्ता तुटतो, तेथील परिस्थिती राज्याच्या सरासरीवरून ताडणे धाडसाचे ठरते. शिवाय विरळ वस्तीच्या तालुक्यात जन्मच मोजके असल्याने दोन-चार मृत्यूंनीही दर उसळतो, म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

देशातील ही घट महिन्यानंतरच्या मृत्यूंत अधिक वेगाने झाली. पहिल्या 28 दिवसांतील, म्हणजे नवजात, मृत्यू मात्र तुलनेने चिवट राहिले. जंतुसंसर्ग, कमी वजन व जन्मतः श्वास कोंडणे ही त्यांची प्रमुख कारणे होत. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आधी न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला. ज्यांना फार पुढे मोजता येत नसे अशा सुइणींसाठी मण्यांचा श्वासमापक करण्यात आला; दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि मिनिटभराच्या घड्याळातील वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर तो न्यूमोनिया समजायचा. पुढे 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी नवजातांची काळजी घेतली, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 2011 पासून आशा कार्यकर्त्या देशभर अशाच गृहभेटी देतात.