खंजिरी अनप्लग्ड!

हातात गिटार, मिटलेले डोळे, हलका आवाज आणि 'मी आहे ना' छाप गाणं. लय कूल वाटतं ना? थांबा राजेहो! वऱ्हाडात वीज पोहोचायच्या आधीपासून 'अनप्लग्ड'च चालू आहे.

असं गाणं देतं तो दिलासा. माहीत आहे का, हा 'दिलासा' शब्द फारसीतून आलाय? त्यात चक्क 'दिल' बसलंय!

आता हीरो. अमरावती जिल्ह्यातलं यावली, साल 1909. माणिक बंडोजी इंगळे जन्मले. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी नाव दिलं तुकड्या, आणि हा तुकडा थेट काळजाचा तुकडाच झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज!

वाद्य? खंजिरी. लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कडेच्या खाचांत चिमुकल्या झांजा. पावसाळी हवेत चामडं ढिलं पडलं की विस्तवावर शेकायचं आणि टिचकी मारून बघायचं. टण्ण वाजलं? झालं चार्जिंग!

तुकडोजींचं 'या झोपडीत माझ्या' ठाऊक नसलेला वऱ्हाडी माणूस दाखवा, पैज लावतो. खिसा रिकामा असलेल्याला 'तूच खरा श्रीमंत' म्हणणारं हे भजन. शाळेच्या स्पर्धेत पोरं ते एक्सप्रेसच्या स्पीडने उडवतात. माझं ऐकाल तर रात्री, अंगणात, सावकाश ऐका.

किस्सा ऐकलाय का? 1936 मध्ये तुकडोजी सेवाग्रामला गेले. गांधीजींचं मौन होतं म्हणे. भजन ऐकलं, आणि मौन मोडून बापू म्हणाले, पुन्हा गा! 'वन्स मोअर'चा याहून मोठा रेकॉर्ड कुणाचा असेल तर कळवा.

1942 मध्ये याच भजनांमुळे इंग्रजांची झोप उडाली. मुक्काम नागपूर आणि रायपूर जेल! 1955 मध्ये खंजिरी थेट जपानला, विश्वधर्म परिषदेत. आणि 1962 व 1965 च्या युद्धांत? सीमेवर, जवानांसमोर. दिलाशाची होम डिलिव्हरी!

दिलासा गझलेतूनही मिळतो. कवी सुरेश भट अमरावतीचेच, हे माहीत आहे का? जन्म 1932. लहानपणीच पोलिओने पाय अधू झाला, पण मराठी गझल त्यांनीच धावती केली. ती मैफलीमैफलीत पोहोचवणारे भीमराव पांचाळे आष्टगावचे. तेही अमरावती जिल्ह्यातच!

अकोलेकरांनो, रुसू नका. 'काळ्या मातीत मातीत' हे गाणं तुमच्या कवी विठ्ठल वाघांचं, 1981 च्या 'अरे संसार संसार' चित्रपटातलं. त्यातली तिफन म्हणजे तीन फणांचं पेरणीयंत्र. शेतकऱ्याला पेरणीच्या पावसाइतका दिलासा दुसऱ्या कशात?

शेवटचा धक्का. आयुष्यभर खंजिरी वाजवणाऱ्या तुकडोजींना आदरांजली कशी वाहतात, माहीत आहे का? गप्प राहून! 11 ऑक्टोबर 1968 ला ते गेले. दरवर्षी आश्विनात पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत बरोबर 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं मौन पाळून उभी राहतात. मोझरी अमरावती-नागपूर रस्त्यावरच आहे. त्या दिवशी तिकडून जात असाल, तर गाडी बाजूला घ्या.