संधीचा 'धी'

गेल्या महिन्यात आमच्या चौकातल्या वर्तमानपत्रवाल्याने, मराठी अंकाचे गिऱ्हाईक आता तुम्ही एकटेच उरलात असे सांगून, नागपूरहून येणारे दैनिक बंद केले. तेव्हापासून रविवारच्या शब्दकोड्याची पेन्सिल चष्म्याच्या घरात निरुद्योगी पडून आहे. नातवाने मोबाईलवर कोडे काढून दिले खरे, परंतु तेथे चुकीचे अक्षर लिहिताच चौकोन लाल होतो. आपल्या चुकीशी आठवडाभर नांदण्याची मुभाच नाही.

हे कोडे १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका पत्रात जन्मले आणि आपल्याकडील बक्षिसांच्या स्पर्धांना १९५५ च्या कायद्याने महिना एक हजार रुपयांची वेसण घातली, एवढा त्याचा पूर्वेतिहास मला पुरे. माझे दशक १९६२ ते १९७२. १९५६ पर्यंत नागपूर आणि आमचे जबलपूर एकाच प्रांताच्या दफ्तरात नांदत होती. पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम निघाले, ते आम्हास एक दिवस शिळ्या अंकातूनच कळले.

इंग्रजीच्या चौकोनात एक वर्ण मावतो. आपल्या चौकोनात वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षर यांसह अख्खे अक्षर बसते, त्यामुळे 'धिक्कार' तीनच घरांत आटोपतो, मात्र आडव्या शब्दातील वेलांटी चुकली की उभा शब्द हटकून अडतो. एका रविवारी आडवे सूत्र होते 'जोड. शब्दांची वा राज्यांची', घरे दोन. आमच्या नानांनी, सरकारी कचेरीत नाझर म्हणून जन्म घालविलेल्या त्या कर्मठ गृहस्थांनी, शाईने 'संधि' लिहिले. उभे सूत्र होते 'हिंमत': 'धीर'. नव्या नियमाने तत्सम शब्दाचा अंत्य इकार दीर्घ झाला होता. नाना मात्र, संस्कृतात ऱ्हस्व, हिंदीत ऱ्हस्व, सारा जबलपूर ऱ्हस्व लिहितो, मग पुण्या-मुंबईच्या चार मंडळींनी आमची धि का लांबवावी, असे म्हणत दोन दिवस जेवताना धुमसत होते. अखेर मी गुपचूप 'धी' केले आणि कोडे स्पर्धेसाठी टपालाने धाडले. तो बरोबर उतारा 'मुदतीनंतर रुजू' असा शेरा मारून बाद ठरविण्यात आला. टपालाचा शिक्का मी स्वतः पाहिला होता, आणि तो राग अजून गेलेला नाही.

१९७२ साली आणखी ४ नियम आले, तोवर नाना उकिडवे बसू शकत नव्हते. त्या पावसाळ्यात एका रविवारी सूत्र आले, 'सांधे धरणारा विकार', घरे चार. समासात पूर्वपद ऱ्हस्वच राहते, हे नव्या नियमांनाही कबूल होते. नानांनी गुडघ्यावरची शेकण्याची पिशवी बाजूला ठेवली, दौत मागविली, आणि दुसऱ्या घरातील पहिली वेलांटी इतकी ठळक काढली की शाई पाठीमागच्या पानावरील बाजारभावांत उतरली.