वैमानिकाची झोप कोणाच्या खात्यात?

अक्कलकोट-गाणगापूरची यात्रा केलेल्या आमच्या वाचकांना आळंद हे नाव अपरिचित नसावे. तुरीच्या शेतांचा हा सीमाभाग. अनेक घरांत मराठी, कचेरीत कन्नड. येथून जवळच्या कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. पुढे २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक-प्रशिक्षणासाठी ज्या पाच विमानतळांवर जागा दिल्या, त्यांत बेळगाव व जळगावबरोबर कलबुर्गीचीही वर्णी लागली. तेव्हा शेताचा उतारा घेऊन बँकेच्या दारात उभा राहणारा बाप आता आळंदलाही भेटू शकेल. त्याने काय विचारावे, एवढाच आमचा आजचा विषय.

पगाराचा आकडा सारेच विचारतात. (वधूपित्यांना तर तो पाठच असतो!) परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते, त्याचा आणि पुढे विशिष्ट विमान चालविण्याच्या शिक्षणाचा खर्च मिळून अर्ध्या कोटीपलीकडे सहज जातो. नोकरी लागली तरी मोबदला पुष्कळसा उड्डाणाच्या तासांवर बेतलेला असतो. म्हणून दरमहा किती तासांचा पगार हमखास मिळेल, हे करारात शोधावे. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये व गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत.

नेमणुकीचे ठाणे कंपनीच्या गरजेने ठरते, आणि ते बहुधा मुंबई-दिल्लीसारखे महानगरच असते. कलबुर्गीत शिकलेला मुलगा कलबुर्गीतच राहील, ही आशा आईने ठेवू नये. चतुर्थीला आपल्या किनाऱ्यावर सारे चाकरमाने घरी येतात. ज्यांच्या विमानातून ते येतात, त्यांची चतुर्थी मात्र परगावच्या हॉटेलात सरते.

पण खरा प्रश्न विश्रांतीचा आहे. वर्षाला हजार तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही, हे ऐकून कोणी म्हणेल, किती सुखाची नोकरी! त्यात पहाटे तीनला उठणे नाही, घरी राखीव म्हणून फोनकडे डोळे लावून बसणे नाही. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. अंमल टप्प्याटप्प्याने, १ नोव्हेंबर २०२५ पर्यंत व्हायचा होता. तयारीला एवढा अवधी मिळूनही डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नियोजन चुकल्याचे कंपनीनेच मान्य केले. प्रवासी ताटकळले, आणि सरकारने काय करावे? कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्या कामाच्या नियमांतून सूट दिली. शिवाय रजा साप्ताहिक विश्रांतीत मोजू नये, ही अट ५ डिसेंबर रोजी मागे घेतली!

चूक नियोजनाची आणि भरपाई वैमानिकाच्या झोपेतून, हा न्याय आम्हांस मान्य नाही. त्या विमानात शेवटी आपणच बसतो. आळंदच्या बापाने बँकेच्या कागदावर सही करण्यापूर्वी हेही विचारून घ्यावे, की मुलाची रजा आणि मुलाची झोप कंपनी एकाच खात्यात मांडणार आहे काय?