आधी आवाजाची जागा शोधा, मग पाना उचला

परभणीहून गंगाखेडला कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या माझ्या टेम्पोत एकदा खडखड सुरू झाली. एका गॅरेजवाल्याने दार खोलले, मग डॅशबोर्ड. पैसे गेले, खडखड राहिली. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने इंजिन सुरू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एकेका जागी टेकवले आणि मूठ कानाशी धरली. सीटखालची पट्टी सैल होती. फेल्टचा तुकडा घातला, काम झाले.

हाच हुनर मोठ्या ठिकाणी यंत्रांनी चालतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत आवाज व कंपने तपासण्याची प्रयोगशाळा आहे. या विद्येत अनेक मायक्रोफोन एकत्र मांडतात. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणून प्रत्येकाकडे किंचित मागेपुढे पोहोचतो. त्या फरकावरून संगणक जागा दाखवतो.

दुसरी रीत आपल्या कारागिरांनाही जमेल. आतला भाग जाड गोधड्यांनी झाकावा आणि एकेक जागा उघडत ऐकावे. मोठा आवाज आधी काढावा. बारीक करकर त्याखाली दबलेली असते. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, म्हणून ती करकर गिऱ्हाइकाला लगेच टोचते.

व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे, गाडीच्या गालिच्याखाली बसणारे फेल्ट जुन्या सुती चिंध्यांपासूनही बनते. आपला कचरा तिथे माल आहे.

गिऱ्हाइकाचा नाहक खर्च वाचवणाऱ्या मिस्त्रीकडेच ते पुन्हा येते. मी तरी त्याच मिस्त्रीकडे जातो.