साहसाला दंड होता तेव्हा

‘साहसी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोराला लटकून कडा चढणारा गिर्यारोहक येतो. हाच शब्द कौटिल्याच्या न्यायाधीशापुढे उच्चारला असता, तर त्यानं आधी विचारलं असतं, ‘कुणाचं काय हिसकावलंस?’

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात ‘साहस’ हा चक्क गुन्हा आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत बळजबरीनं वस्तू उचलणं म्हणजे साहस, त्याच्या माघारी गुपचूप उचलणं म्हणजे चोरी. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांतही, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांतही, साहस आहेच. शिवाय तिथं दंडाच्या पायऱ्यांनाही त्याचंच नाव आहे : प्रथम साहस २५० पण (तेव्हाचं नाणं), मध्यम साहस ५०० पण, उत्तम साहस १००० पण. चोरात आणि साहसिकात फरक एवढाच, की चोर तोंड लपवतो आणि साहसिक लपवत नाही. पुढे या शब्दाला जी इज्जत मिळाली, तिचं मूळ बहुधा या उघडेपणातच असावं. गुन्हा गळून गेला आणि न लपणं तेवढं राहिलं.

आणखी खाली उतरलं तर ‘सहस्’ सापडतं. सहस् म्हणजे बळ. ऋग्वेदात अग्नीला बळाचा पुत्र म्हटलंय, ते याच शब्दानं. त्याचा धातू ‘सह्’. मात करणं हाही त्याचा अर्थ आणि सोसणं हाही. म्हणजे साहस आणि सहन ही एकाच घरातली भावंडं! एक चाल करून जातं, दुसरं पाय रोवून उभं राहतं. याच घरातला ‘सहसा’ तर त्याहून वल्ली. संस्कृतात ‘सहसा’ म्हणजे एकाएकी, अविचारानं. आपण मात्र ‘तो सहसा चिडत नाही’ असं म्हणतो, तेव्हा त्यात अविचाराचा मागमूसही नसतो. एकेकाळचा दांडगा शब्द मराठीत येऊन असा निवांत झाला.

‘धीट’ची कहाणी याच्या उलट्या वळणाची. त्याचं मूळ ‘धृष्ट’, धातू ‘धृष्’ म्हणजे धजणं. हा धातू फार जुना. इंग्रजीतलं ‘डेअर’ आणि ग्रीकमधलं ‘थ्रासुस’ ही त्याचीच चुलत भावंडं. महाभारतात द्रुपदानं द्रोणाच्या वधासाठी यज्ञातून मिळवलेल्या मुलाचं नाव धृष्टद्युम्न, तिथं धृष्ट हे भूषण होतं. पुढे साहित्यशास्त्रात ‘धृष्ट नायक’ म्हणजे चोरटं प्रेम उघडकीला आलं तरी न ओशाळणारा निगरगट्ट. तिकडे ग्रीसमध्येही तेच झालं. ॲरिस्टॉटलनं शौर्याला भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधोमध बसवलं आणि अविचाराच्या बाजूला जो माणूस ठेवला, तो ‘थ्रासुस’. हजारो मैलांच्या अंतरावर दोन भाषांनी एकाच घराण्यातल्या शब्दाला बदनाम केलं. मराठीनं त्यातून स्वतःपुरती वाट काढली. ‘धृष्ट’ संस्कृतच्या वेशात आला की तो उर्मट. झिजून ‘धीट’ झाला की पाहुण्यांसमोर न बुजता कविता म्हणणारं पोर.

आता फारसी-अरबीच्या वाटेनं आलेली मंडळी. ‘जिगर’ म्हणजे फारसीत यकृत, आणि जिगर व यकृत हे शब्दही मुळात एकच. आपलं ‘वाघाचं काळीज’ हृदयाचं वाटतं खरं, पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, दुकानदार यकृतच तोलून देईल. ‘बहाद्दर’ तर मंगोल आणि तुर्कांच्या गवताळ प्रदेशातून घोड्यावरून आला. मंगोलियाची राजधानी उलानबातर, म्हणजे ‘लाल वीर’. त्यातला ‘बातर’ आणि आपला ‘बहाद्दर’ एकच.

पण या सगळ्यांत मला सर्वांत थक्क करते ती ‘हिंमत’. अरबीत ‘हम्म’ म्हणजे काळजी, मनाला लागलेला घोर. त्याच धातूपासून ‘हिम्मा’ म्हणजे निर्धार, तीच आपली हिंमत. आणि त्याच धातूपासून ‘मुहिम्म’, म्हणजे महत्त्वाचं, घोर लावणारं काम. त्याची आपण केली ‘मोहीम’. घोर, हिंमत, मोहीम : तिन्ही एकाच धातूची लेकरं.

हा क्रम एखाद्या आयुष्यातही तसाच्या तसा दिसतो. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं दहा दिवसांचं बाळ उपचारांअभावी गेलं. तो झाला घोर. त्यातून डॉक्टर होण्याचा निर्धार झाला. फेब्रुवारी १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात सभेपुढे उभं राहून आपण अमेरिकेला का जाणार हे इंग्रजीत सांगितलं. त्याच वर्षी नवऱ्याला मागे ठेवून त्या बोटीत बसल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेतली. त्यांच्या जाण्याला कुणी धाडस म्हणालं असेल, कुणी धर्म बुडवणं. त्याची सुरुवात मात्र एका आईच्या दुःखात होती.

निर्भय, बेडर, बिनधास्त हे शब्द वजाबाकीचे आहेत. भय, डर, धास्त काढून टाकली की ते तयार होतात. साहस, हिंमत, जिगर, धीट हे बेरजेचे. भीती गेली की नाही याची ते विचारपूसही करत नाहीत; बळ, निर्धार, काळीज असं काहीतरी माणसाच्या अंगी आहे, एवढंच सांगतात. नाट्यशास्त्रानंही हीच बाजू धरली. तिथं वीररसाचा स्थायीभाव ‘निर्भयता’ नाही, ‘उत्साह’ आहे. म्हणून तर युद्धवीराच्या पंगतीला दानवीरही बसू शकतो. दान करताना तलवार चालत नाही, पण हात सैल करायला उत्साह लागतोच.

आपलं रोजचं बोलणंही ही बेरीज जाणतं. हिंमत बांधावी लागते, धीर धरावा लागतो, मनाचा हिय्या करावा लागतो. अवसान तर उसनंही आणता येतं आणि ऐनवेळी गळूनही जातं. धाडस मात्र उसनं मिळत नाही. आणि त्याच्या बाबतीत मराठी व्याकरण एक बेरकी खेळी करतं. जमलं तर आपण म्हणतो, ‘मी धाडस केलं.’ नाही जमलं तर? ‘माझं धाडस झालं नाही.’ पहिल्या वाक्यात कर्ता छाती काढून पुढे उभा आहे. दुसऱ्यात तो षष्ठीच्या आडोशाला गेलाय आणि दोष धाडसावरच ढकललाय, जणू ते बिचारं आपणहून व्हायचं राहून गेलं. कौटिल्याच्या कसोटीला हे वाक्य लावलं, तर हा माणूस साहसिकाच्या नव्हे, तोंड लपवणाऱ्याच्याच रांगेत उभा राहील.