डोंबिवली स्टेशनात सुचलेल्या संख्या

एका वाचकाची शंका आहे: एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग काढला, तर उत्तराच्या शेवटी दोन शून्ये दिसतात. विषम संख्येचा वर्ग शून्यावर कसा संपेल? शंका अगदी रास्त आहे. एक्सेल पंधराच अंक जपते आणि हे उत्तर सतरा अंकी आहे. खरे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१.

ते मिळवायला कागद-पेन्सिल पुरते. शाळेतला उभा गुणाकार मांडा. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ वेळा १, आणि दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घराखाली एकच १ येतो, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या घरात नऊ आणि तिथून पुन्हा उतरण. बेरीज कुठेच दहाला पोचत नाही, त्यामुळे हातचा घ्यावाच लागत नाही. आता उत्तरातले अंक मिळवा: ८१. येणारच, नऊ ओळींत मिळून १ लिहिला होता तोच मुळी ८१ वेळा!

एक १ वाढवा, की उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा जमले, हातचा निघाला. त्याने शेजारच्या नऊचे दहा केले, पुन्हा हातचा. दर हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे अंकांची बेरीज नऊने घटते. दहा ओळींतल्या शंभरातून अठरा गेले, उरले ८२. पडताळून पाहाच.

या संख्यांना ‘वंडरफुल डेम्लो’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिले. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरची, आजची डोंबिवली. कल्पना सुचली ती तिथल्या स्टेशनात. डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, त्यामुळे इथल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम गंभीरपणे घेतले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

आज कापरेकर म्हटले की आपल्याला ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ तेवढा आठवतो. पण डेम्लो संख्यांचे ‘का’ पाचवीतल्या मुलालाही स्वतः शोधता येते. शिक्षकांनो, हा गुणाकार एकदा फळ्यावर मांडा, आणि दहावा १ मुलांनाच वाढवू द्या.